चिमणीचे दात

पारोळ्याहून जळगावला जाणारी एसटी त्या दिवशी वेळेवर सुटली. रत्नाने खिडकीजवळची जागा धरली, पाच महिन्यांच्या छकुलीला मांडीवर आडवं घेतलं आणि लगेच डोळे मिटले. झोप आली होती म्हणून नव्हे. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याला लागून एक निंबाचं झाड आहे, ते तिला बघायचं नव्हतं.

त्या निंबापाशी वर्षापूर्वी दिपमाला गेली. मोपेडवर होती, मागून ट्रकचा नुसता धक्का लागला म्हणतात. 'नुसता' हा शब्द सांगणारे फार सहज वापरतात. सव्वीस वर्षांची, सराफाच्या शोरूममध्ये कामाला जाणारी पोर. जळगावात पिंप्राळ्याच्या कॉलनीत आधी तिचं हसणं ऐकू यायचं आणि मग गल्लीच्या तोंडाशी ती दिसायची. अशी पोर भर दुपारी नाहीशी झाली. तेव्हापासून तिची आई प्रमिलाबाई भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होती. दुकानात जाते म्हणून निघालेली माझी पोर पारोळ्याच्या रस्त्याला गेलीच कशाला?

याचं उत्तर एकट्या रत्नाला ठाऊक होतं. तिने ते कोणालाही सांगितलं नव्हतं, आपल्या नवऱ्याला युवराजलासुद्धा नाही; विचारलं की मला न सांगताच निघाली असेल, एवढंच म्हणायची. आज मात्र सांगूनच टाकायचं, असं ठरवून ती घरून निघाली होती. ठरवायला काय जातं! बस जळगावच्या स्टँडात शिरली, आणि रिक्षावाल्याला पिंप्राळा म्हणायच्या आधी तिने परतीच्या बसची वेळ विचारून घेतली.

बोलावणं प्रमिलाबाईंचंच होतं. "वरीस सरनं, रत्ना. दिपीनी भुलाबाई मी बसाडी शे यंदा. कोजागिरीले या बठ्ठ्या, एक डाव गाना म्हना," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

घरात पाऊल टाकलं आणि रत्नाला वाटलं, इथे काही झालेलंच नाही. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई बसली होती. समोर समई होती, शेवंतीचा हार होता. स्वयंपाकघरातून आटणाऱ्या दुधाचा वास येत होता. संघमित्रा आधीच आली होती. ती याच कॉलनीत वाढलेली, आता शाळेत विज्ञान शिकवते, लहानपणापासून सगळे तिला मित्रा म्हणतात. जागृती भुसावळहून आली होती. शाळेपासून चौघींचं त्रिकूट आहे असं दिपमाला म्हणायची, आणि गणित कच्चं आहे म्हटलं की सांगायची, "मला कशाला मोजता, मी तर असणारच."

"ये व बैन, बस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पोरले आठे निजाड."

परसदाराच्या उंबऱ्याजवळ गोधडी घातली होती. रत्नाने छकुलीला तिथे ठेवलं. ऊन कलत होतं. परसात जुनी चूल होती, आणि चुलीशेजारी फुटक्या खापराचा अर्धा भाग पालथा पडला होता. रत्नाने चटकन मान फिरवली.

गाणी झाली, पण नीट झाली नाहीत. दर कडव्याला दिपमालेची टाळी चुकल्यासारखी वाटायची आणि कोणीतरी मधेच थांबायचं. शेवटी जागृतीने डोळे पुसले. "बस झालं. रडायला आलोय का आपण? तिला रडकं तोंड चालायचं नाही. प्रत्येकीने एकेक सांगायचं. मित्रा, तू सुरू कर."

मित्राने दहावीच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. रिक्षांचा संप होता, पेपर सुरू व्हायला वीस मिनिटं राहिली होती. दिपमालेने चौकात केळीचा टेम्पो अडवला आणि मित्राला घडांवर बसवून सेंटरवर पोचवलं. "वर त्या ड्रायव्हरला सांगितलं, हिला सांभाळून ने, मोठी झाल्यावर ही तुझ्या पोराला पास करेल. परवा खरंच एकाचा मुलगा माझ्या वर्गात आला गं. आडनाव विचारायची हिंमत झाली नाही." मित्रा हसली.

जागृतीला दिपमालेची ती नारंगी ओढणी आठवली. ऊन असो की थंडी, मोपेडवर तोंडाला तीच गुंडाळलेली. "शोरूममध्ये शेठ म्हणाला, सोन्याच्या दुकानात असा भडक रंग नको. तर म्हणते कशी, सोनं फिकं पडतं म्हणून घाबरलात का?" जागृतीने नाक ओढलं. "शेवटी मीच घातली ती तिच्या अंगावर. माझ्या हातांनी. तिच्याबरोबरच जाळली."

आता सगळ्या रत्नाकडे बघू लागल्या.

"चिमणीचे दात," रत्ना म्हणाली.

एवढंच पुरे होतं. तिघींच्याही चेहऱ्यावर हसू आलं. चिक्की असो, पेरू असो, दिपमाला ओढणीचं टोक त्यावर धरून कटकन तुकडा तोडायची. चिमणीच्या दातांनी तोडलेलं उष्टं होत नाही! अर्धं तिचं, अर्धं समोरच्याचं. तिने एकटीने काही खाल्लेलं कोणी पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात सोड्याची बाटली उघडताना टवका उडून गेलेला, त्यामुळे तिने तोडलेला तुकडा कोणालाही ओळखू यायचा.

प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांचं हसणं विरलं आणि नेहमीचा प्रश्न आलाच.

"आशी पोर... तथी कसाले गयी व्हती व? कोनीच नही सांगत माले."

रत्नाने तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला होता. तेवढ्यात जागृती घाईने म्हणाली, "काकू, दिवेलागण झाली. खाऊ ओळखायचा राहिला ना!" आणि रत्नाने, देवाशपथ, सुटकेचा श्वास टाकला. मग तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

भुलाबाईच्या गाण्यांनंतर खाऊ ओळखणं हा खानदेशातल्या पोरींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ. खाऊ झाकणाच्या डब्यात असतो. डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आवाजावरून नाव सांगायचं. नेम दोनच. बरोबर नाव निघेपर्यंत झाकण काढायचं नाही, आणि जिने खाऊ आणला तिने ओळखायचं नाही, गुपचूप मजा बघायची. दिपमालेचा कान या खेळात पक्का होता. तिचा खाऊ मात्र कोणाला ओळखता यायचा नाही. मग ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "हारल्या का गं?"

भुलाबाईच्या पायाशी पांढऱ्या फडक्याखाली डबा होता. जागृतीने फडक्यासकट उचलून हलवला. खळ्... खळ्...

"फुटाणे!"

"छे. फुटाणे एवढे जड नसतात," मित्रा म्हणाली. तिने शास्त्रशुद्ध तीनदा हलवला. "खारका."

"बदाम व्हतीन," प्रमिलाबाईंनीही कान लावला.

मग डबा रत्नाच्या हातात आला. तिने तो कानाशी नेला, हलवला, आणि पुन्हा हलवलाच नाही.

तो आवाज तिने दाताखाली ऐकलेला होता. लहानपणी या परसात खेळताना ती फुटक्या खापराचे तुकडे चोरून चघळायची. प्रमिलाबाई ज्या खापरावर मांडे करायच्या, त्याची ती भाजलेली, तुपाने मुरलेली माती. गेल्या वर्षी तिसरा महिना लागला आणि जीव नुसता त्याच चवीला लागला. चिंच नको, कैरी नको. सासू माती खाऊ देणार नव्हती, नवऱ्याला सांगायची लाज. तिने दिपमालेला फोन केला होता, अर्धं हसत, अर्धं रडत. "दिपे, तुझ्या आईच्या खापराचा तुकडा पाहिजे. आजच. नाहीतर मी मरते बघ."

"तुकडा कशाला? अख्खं फोडते तुझ्यासाठी!" दिपमाला खिदळली होती. फोनमध्येच काहीतरी खळ्‌कन फुटलं. "बाई गं, खरंच फुटलं! आईला सांगते मांजराने पाडलं. भुलाबाईच्या डब्यात घालून आणते, म्हणजे तुझ्या सासूला वाटेल खाऊ आहे."

पोलिसांनी पर्स परत केली, चुरा झालेला मोबाइल, चपला, मोपेडची किल्लीसुद्धा दिली. डबा त्यांत नव्हता. रत्नाशिवाय कोणाला त्याची आठवण असायचं कारणही नव्हतं.

"बोल ना," मित्रा म्हणाली.

"शेंगदाणे," रत्ना म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

मग मित्राच्या कपाळाला आठी पडली. विज्ञानाची बाई ती, हिशेब चुकला की तिला कळतं.

"थांबा. मी ओळखलं. जागृतीने ओळखलं. काकू, तुम्हीसुद्धा. आता रत्नानेही." ती एकेकीकडे बघत गेली. "मग आणला कोणी?"

"मी समजले तू आणलास," जागृती म्हणाली.

"मी रिकाम्या हाताने आले."

"डबा मी नही भरा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी तं दूध आटाडी ठेयेल शे. सकायी तठे काहीच नव्हतं. माले वाटनं, तुम्हीच कोनी आना व्हई..."

समईची वात तडतडली. प्रमिलाबाईंनी रत्नाच्या हातातून डबा घेतला आणि फडकं बाजूला केलं. जुना पितळी डबा, झाकणाला एका बाजूने पोचा. पोच्याखाली कोरलेलं नाव त्यांनी बोटाने चाचपलं. वाचायची गरज नव्हती.

"दिपीना डबा..."

त्यांनी झाकण ओढलं. हललं नाही. जागृतीने जोर लावला, मित्राने उलथन्याचं टोक घालून बघितलं. झाकण जागचं हलेना. घरात दुधाच्या वासाबरोबर आता दुसराच एक वास येत होता, तापल्या मातीवर पाणी पडल्यासारखा. रत्नाला कळत होतं ते का उघडत नाही. खेळाचा नेमच तसा. बरोबर नाव अजून कोणी घेतलं नव्हतं.

"काकू," ती म्हणाली, "खापर आहे त्यात."

प्रमिलाबाईंच्या हातातलं झाकण अलगद निघालं. आत खापराचे तुकडे होते, काळे-तांबडे, धूळसुद्धा न बसलेले. जागृती भिंतीला टेकली. रत्नाने सगळं सांगितलं. फोन, डोहाळे, सासूची भीती, मांजराची थाप. सांगताना ती रडली नाही, रडायचा हक्क आपल्याला नाही असंच तिला वाटत होतं. "मी बोलावलं तिला काकू. मातीच्या तुकड्यापायी. मी बोलावलं."

प्रमिलाबाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला.

"वरीसभर पुसत ऱ्हायनू मी," त्या म्हणाल्या. "तू माले सांगं का नही व?" आणि त्यांनी हात उचलला. रत्नाने डोळे मिटले. पण तो हात तिच्या डोक्यावर येऊन थांबला. "डोहाळा तुना नही व्हता, बैन. पोटमधला पोरना व्हता. पोरनं मागनं कोनी टायत नही. दिपी तं नहीच नही."

तेव्हा कुठे रत्नाला रडू फुटलं. वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं. जागृतीने तिला जवळ घेतलं, आणि क्षणभर भीतीसुद्धा त्या रडण्यात वाहून गेल्यासारखी झाली.

"रत्ना..." मित्राचा आवाज अगदी बारीक झाला होता. "छकुली काय चघळतेय?"

परसदाराच्या उंबऱ्याजवळ अंधार उतरला होता. छकुली गोधडीवर जागी पडली होती, आणि तिचे गाल हलत होते.

रत्ना धावली. तिने बोट घालून तोंडातलं बाहेर काढलं. ओला, कोमट खापराचा तुकडा. डबा उघडल्यापासून प्रमिलाबाईंच्या मांडीवरच होता. चौघींपैकी कोणीही जागची उठली नव्हती.

प्रमिलाबाईंनी तो समईसमोर धरला. छकुलीला अजून एकही दात आला नव्हता. तुकड्याची एक कड मात्र कोणीतरी चावून तोडलेली होती. दातांच्या ओळीत एका ठिकाणी, टवका उडालेल्या दाताचा उंचवटा राहिला होता. आणि त्या चावलेल्या कडेला एक दोरा अडकला होता. जागृतीने वाकून बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले.

दोरा नारंगी होता.

छकुली रडली नाही. परसदाराकडे बघून तिने पुन्हा तोंड उघडलं, पुढचा घास घ्यायला उघडतात तसं.