मजला नसलेली बेल

मावशी खोलीत जमिनीवर सापडली, तेव्हा तिचा अंगठा गळ्यातल्या मदतीच्या बेलवरच होता. बेल हिरवी लुकलुकत होती. म्हणजे मेसेज गेला होता.

आयाच्या फोनवर मात्र काहीच आलं नव्हतं.

"खोटं बोलते," वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले. "हिला आजच्या आज घरी पाठवतो."

"देवाशप्पथ साहेब, फोन हातातच होता!" आया रडकुंडीला आली.

मोडल्या हाडाच्या मावशीला दवाखान्यात पोचवून भाची नुकतीच परतली होती. डेटाबेसशी डोकेफोड हाच तिचा धंदा. "साहेब, ओरडायचं नंतर. आधी कॉम्प्युटर उघडा."

मोठ्या सिस्टरांनी भाचीपुढे पाणी ठेवलं. "आयाला कशाला बोलायचं? बेलला मजलाच नसला, तर मेसेज पोचणार कसा?"

बेलचे मेसेज एका एसक्यूएल क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला घातलेल्या प्रश्नातून, गाळून आयांच्या फोनवर जात. तिसऱ्या मजल्यावर डागडुजी चालू. तिथल्या बेला उगाच वाजत. म्हणून अट घातली होती: मजला तीन नसेल, तरच पुढे पाठव.

"मावशी तर पहिल्या मजल्यावर," व्यवस्थापक म्हणाले.

भाचीने तिची नोंद उघडली. मजल्याची जागा कोरी.

"कोरं म्हणजे तीन नाहीच की!"

"तुम्हाआम्हाला तसं वाटतं. मशीन म्हणतं, मजला माहीतच नाही, मग तो तीन नाही हे कशाच्या जोरावर सांगू? मेसेज तिथेच गळतो. 'किंवा मजला कोरा असला तरी पाठव', एवढं जोडायचं राहिलं."

"म्हणजे मशीनचीच चूक."

"अर्धी. मजला भरल्याशिवाय नवी बेल नोंदवता येत नाही. तो नंतर कुणीतरी पुसलाय. पासवर्ड कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे. आणि... सिस्टरांकडे."

भाची सिस्टरांकडे वळली.

"सिस्टर, नोंद मी आत्ता उघडली. मजला नाही, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

सिस्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "चाचणीच्या बेलचा मजला पुसला की ती गप्प राहते, हे पाहिलं होतं. मावशी सारखी वाजवायच्या हो. धावत गेलं की म्हणायच्या, काही नको. वर एक आजोबा शेवटचे श्वास मोजत होते. वाटलं, एक दुपार शांत जाऊ दे." त्यांनी आयाकडे पाहिलं. "हिची नोकरी जाताना बघवेना. तोंडून निघून गेलं."

व्यवस्थापकांनी सिस्टरांकडून किल्ल्या मागून घेतल्या. मग आयासमोर हात जोडले. भाचीने क्वेरीत राहिलेली ओळ घातली.

मावशी दवाखान्यातून परत आली त्याच दुपारी आयाचा फोन खणाणला. ती धावत गेली.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही गं. येतेस का, बघितलं."