वाटाड्या

सावरदरीच्या शाळेत अपूर्णांकांचा धडा चालू होता आणि वर्गात कोणीच बोलत नव्हतं. खिडकीजवळ बसलेली नऊ वर्षांची मुक्ता बाकावर बोटांनी ताल धरून अर्धा आणि पाव मोजत होती. तिच्या मागे नाझिम मातीच्या गोळ्याचे तुकडे पाडत होता. एक पोरगी डोळे मिटून कसलीशी गोष्ट ऐकत होती. धडा एकच, पण प्रत्येकाला तो निराळ्या रूपात मिळत होता. आणि मागे सतरंजीवर, पाय लांब करून, ठकूबाई पाटीवरून बोट फिरवत होती. शाळेला आता वयाची अट राहिली नव्हती, त्यामुळे सहासष्टाव्या वर्षी तीही वर्गात येऊन बसली होती.

हे सगळं मनगटावरच्या पट्ट्याचं काम. लोक त्याला वाटाड्या म्हणत. माणसाला एखादी गोष्ट उमजते तेव्हा त्याच्या डोळ्यांची बाहुली किंचित मोठी होते, नाडीची चाल बदलते. वाटाड्या हे टिपायचा, नाडी मनगटावरून आणि बाहुली पाटीतल्या कॅमेऱ्यातून. कुणाला ऐकून उमजतं, कुणाला हाताने करून, हे ओळखायचा आणि धडा त्या वळणाने पाटीवर पाठवायचा. ठकूबाईने जन्मभर वाकळी शिवल्या होत्या. तिच्या पाटीवर अक्षरं टाक्यांसारखी उंच उठत. बोट फिरवलं की अक्षर हाताला ओळखीचं लागे. पाऊस सुरू झाला तेव्हा ती अंगठा उठवत होती. ज्वारी हुरड्याला आली तोवर लग्नपत्रिका वाचू लागली. गावात दिसेल ती दुकानाची पाटी ती मोठ्याने वाचत सुटे. पोरं हसत. तिला त्याचं काही वाटत नसे.

अडलं ते घरात. तिची धाकटी जाऊ हौसाबाई हिच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं, त्यामुळे तिला पट्टा चालत नव्हता. आणि शिकायची खरी गरज तिलाच होती. तिची लेक मंदा सासरहून फोनवर लिहून पाठवायची.

"फोन वाचून दाखवतो की," ठकूबाई म्हणाली.

"दाखवतो ना! भोंगा लावल्यासारखा. सगळं घर कान देऊन बसतं. आईला लिहिलेलं आईनंच वाचावं का नको? तू शिकव मला, अक्का."

ठकूबाईने उत्साहानं वाकळीवर लाल दोऱ्याने म घातला आणि जावेचं बोट धरून त्यावरून फिरवलं. "कळलं?"

"दोरा कळला."

"अगं, नीट फिरव. वर, खाली, गाठ."

"न्हाई कळत मला."

"कसं कळत नाही!"

बोलून गेली आणि ठकूबाई चपापली. हे वाक्य तिने आजवर फक्त ऐकलं होतं. हौसाबाईने हात काढून घेतला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि शेळ्यांकडे निघून गेली. दोन दिवस ती नीट बोलली नाही.

मग ठकूबाईने शाळेतल्या सुयश सरांना घरी आणलं. पोरगा गुणी. तो स्वतः पहिलीपासून वाटाड्याबरोबर, रंगांतून शिकलेला. "आजी, सोपं आहे," तो म्हणाला, "म जांभळा असतो ना, तसा बघायचा." हौसाबाईने जांभळा कुठे दिसतो का ते पाहिलं. सर घामाघूम होऊन गेले.

"दोघंही शिकलेली," हौसाबाई म्हणाली, "आणि दोघंही मुकी!"

शनिवारी वाटाड्याची देखभाल करायला डॉ. रुक्साना तांबोळी आल्या. ठकूबाईने त्यांना गाठलं.

"डाक्टरीणबाई, मला येतं. मग देता का येत नाही?"

डॉक्टर सतरंजीवर तिच्याशेजारी टेकल्या. "आजी, वाटाड्यानं तुम्हाला नेलं ते तुमच्या एकट्याच्या पायवाटेनं. तुम्ही कुठे चुकला नाहीत, त्यामुळे दुसऱ्या वाटा तुम्हाला माहीतच नाहीत. सरांचंही तेच."

"मग तुमच्या पट्ट्याला कशा माहीत?"

"त्यालाही नसतात. पहिले काही दिवस तो काही शिकवत नाही. नुसता बघत बसतो."

ठकूबाई विचारात पडली. "एवढंच?"

"एवढंच. पण माणसाला ते फार जड जातं."

दुसऱ्या दिवशी ठकूबाई ओट्यावर बसून जावेला बघत राहिली. पंचेचाळीस वर्षं एका चुलीवर काढली, पण असं बघितलं नव्हतं. हौसाबाई शेळ्यांना चारा टाकता टाकता रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याची नक्कल करत होती. हा कसा वाकून चालतो, तिचा पदर कसा लोंबतो. एकदा पाहिलेलं माणूस ती विसरत नसे.

ठकूबाईने कोळशाने भिंतीवर ब काढला. "हौसे, हा कोण गं?"

हौसाबाईने मान तिरकी केली. "पोटावरनं तिरका गमछा, खांबाला टेकलेला. सरपंच की!"

"आन् हा?" तिने ठ काढला.

"ही तू. बसली की बसली, उठायचं नाव नाही."

दोघी पोट धरून हसल्या. मग ठकूबाईने म काढला. हौसाबाईने पुढे होऊन त्यावर बोट ठेवलं.

"ही मंदा," ती म्हणाली. "दाराच्या चौकटीला धरून उभी. हातात गाठोडं. सासरी निघालीय."

थंडी सरेपर्यंत हौसाबाई लेकीचा निरोप स्वतः वाचू लागली. काय लिहिलंय ते ती कुणाला सांगत नसे. वाचून झालं की गालातल्या गालात हसे, आणि ठकूबाईला तेवढ्यानं भरून पावल्यासारखं होई.

एका शनिवारी डॉक्टर आल्या असताना ठकूबाईने ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली. पोरं ऐकत होती. मुक्ताने विचारलं, "आजी, न कळणं म्हणजे कसं असतं?"

ठकूबाई सांगायला सरसावली. साठ वर्षं जे सोसलं त्याला शब्द सापडेना. "म्हणजे बघ... सगळी आत आणि आपण दाराबाहेर." पोरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"माझा बंद करा ना," मुक्ता डॉक्टरांना म्हणाली. "थोडाच वेळ."

डॉक्टरांनी तिचा पट्टा बंद केला. सुयश सरांनी फळ्यावर एक नवा अपूर्णांक लिहिला. मुक्ताने बाकावर ताल धरला, तो मध्येच तुटला. पुन्हा धरला. ती फळ्याकडे बघत राहिली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

वर्गातली पोरं वाईट नव्हती. पडलेल्याला उचलत, डबा वाटून खात. पण शेजारी अडला तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सर खडू धरून उभे होते. पुढे काय करतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चालू करते," डॉक्टर घाईने म्हणाल्या.

"थांबा," भिंतीला धरून उठत ठकूबाई म्हणाली. "मी पोचेपर्यंत थांबा."

गुडघ्यांमुळे तिला वेळ लागत होता. सगळा वर्ग माना वळवून नवलाने बघत होता, की ही म्हातारी स्वतःचा धडा सोडून दुसऱ्याच्या धड्याकडे कशाला निघाली आहे.