बापाला मामाच्या पानावर धाडलं

"अहो, तुमच्या बुटाची लेस… ती खातेय!"

त्या माणसाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. पाळणाघरातल्या मावशींचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी लेकीला ऑफिसात आणलेलं. वय दीड वर्ष. जमिनीवर दिसेल ते तोंडात घालते, म्हणून तिचं नाव मुंगी. टेबलांच्या कोपऱ्यांना मी फोम चिकटवला होता, प्लगांवर पट्ट्या लावल्या होत्या, आणि ही बया नेमकी नव्या भाषांतरकाराच्या खुर्चीखाली!

"खाऊ दे. कालच घेतलीये, ताजी आहे," तो म्हणाला.

"सोड गं, मामाची आहे ना ती!" मी तिला ओढलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पहिल्याच भेटीत भाऊ करून टाकलंत?"

मी हसले नाही. म्हणजे… त्याच्यासमोर नाही.

खरं सांगायचं तर घटस्फोट झाल्यापासून विशीच्या पुढचा जो पुरुष दिसेल त्याला मी मुंगीचा मामा करून टाकत होते. वॉचमन मामा, डॉक्टर मामा, दूधवाले मामा. एकदा मामा म्हटलं की कुणाची नजर रेंगाळत नाही. आपलीही नाही.

आमच्याकडे लहान मुलांची पुस्तकं निघतात, एकेक पुस्तक चार-चार भाषांत. मी पानं लावते, म्हणजे चित्रं आणि ओळी जागेवर बसवते. या वेळी घरच्या माणसांची ओळख करून देणारं चित्रांचं पुस्तक होतं, आणि त्यातली जॉर्जियन भाषा त्याच्याकडे. ती लिपी माझ्यासाठी नुसता लोकरीचा गुंता. म्हणून तो प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने उच्चार लिहून द्यायचा. हळूहळू समासातही काहीबाही येऊ लागलं.

'मुंगीचा खोकला?'

'कोरडा आहे.'

'आणि मुंगीच्या आईची झोप?'

हे शेवटचं मी खोडायला रबर घेतलं… आणि तसंच खाली ठेवलं.

दोन महिने असे गेले. मुंगीला पहिला शब्द फुटला तो 'मामा', आणि तो तिने याच्यावरच वापरायला काढला. मी निश्चिंत होते. कुंपण शाबूत होतं.

मग ती सहा आणि नऊ नंबरची पानं आली. सहावर बाबा, मुलीला खांद्यावर घेतलेला. वर पेन्सिलीने लिहिलेलं 'मामा'. नऊवर मामा, हातात फुगा घेतलेला. तिथे काहीतरी 'बिदझा'. बिचाऱ्याची गडबड झाली, असं मला वाटलं. दोन्ही ओळी उचलल्या आणि अदलाबदल करून टाकली. विचारलंसुद्धा नाही!

संध्याकाळी तो कच्ची प्रत घेऊन आला. हसू दाबून दाबून गाल दुखत असावेत.

"बाईसाहेब, तुम्ही बापाला मामाच्या पानावर धाडलंत."

"तुम्हीच मामा लिहिलं होतं!"

"लिहिणारच. जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाबा."

"मला मामा बनवताय?"

"अजिबात नाही. चिनी भाषेत मामा म्हणजे आई. आपल्याकडे आईचा भाऊ. या तिन्ही भाषांचं आपसात काही नातं नाही, कुणी कुणाचं ढापलेलंही नाही."

"मग एकच शब्द कसा?"

"बाळ ओठ मिटतं, उघडतं, की झालं. म… मा… सगळ्यात सोपा आवाज तो. त्याच्या मनात काही असतं की नाही, कोण जाणे! अर्थ मोठी माणसं लावतात. जो जवळ असतो त्याला वाटतं, मलाच हाक मारली."

"मामा!" टेबलाखालून मुंगी बाहेर आली. दोन्ही हात वर, त्याच्याकडे.

एरवी तो लगेच उचलायचा. आज वाकला आणि मध्येच थांबला.

"ही हाक मी रोज जॉर्जियनमध्ये ऐकतोय," तो हळूच म्हणाला. "चूक माझीच. नको असेल तर सांगा, पुढची पुस्तकं मी घरूनच करीन. कारण इथे बसून मराठीतला मामा होणं… मला नाही जमणार."

मला भीतीशिवाय काही सुचेना, म्हणून तीच सांगत सुटले. "ती खांद्यावर लाळ गाळते."

"माझे तीन शर्ट गेलेत."

"ती झोपली की मी उठून नाकापाशी बोट धरते. श्वास चालतोय ना बघायला. दोन-दोनदा."

"पाळ्या लावू."

"आणि तिला सवय लागली… आणि मग तुम्ही निघून गेलात, तर? तर हा शब्द तिला कुठल्या भाषेत समजावू मी?"

तो पटकन 'नाही जाणार' म्हणाला असता, तर मी मुंगीला घेऊन घरी गेले असते. पण त्याने आधी हातातली कच्ची प्रत टेबलावर ठेवली.

"याचं उत्तर आज तोंडी देऊन उपयोग नाही," तो शेवटी म्हणाला. "रोज यावं लागेल मला."

मुंगीचे हात अजून वरच. आता खालचा ओठही बाहेर आला होता.

"उद्या साडेनऊला तिची लस आहे," मी म्हणाले. "मला सुई बघवत नाही. तिला घट्ट धरावं लागतं, पण दुखेल इतकं नाही. जमेल?"

"जमेल. पण… नर्सने विचारलं, तुम्ही कोण, तर?"

मी मुंगीला उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"मुंगी हाक मारेलच," मी म्हणाले. "तू फक्त जॉर्जियनमध्ये ओ दे."