हे निघालेच

वीज काही इतक्यात येत नाही. दिवा लावलाच आहे, तर सांगते. फक्त मध्येच "मग ते कोण होतं?" असं विचारू नका. ते मला तीन वर्षांत कळलेलं नाही, आणि कळावं असा हट्टही मी देवीपाशी धरलेला नाही.

शहाऐंशी सालचा आश्विन. हे तेव्हा शिरोड्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. जागा दोन डॉक्टरांच्या, पण दुसरी होळीपासून रिकामी. दवाखान्याला लागूनच आमचं कौलारू बिऱ्हाड. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी परसात घटासाठी माती चाळत होते, तेव्हा पोस्टमन परशुराम एक जाड पाकीट देऊन गेला.

पाकीट ह्यांच्या मुंबईच्या मित्राचं, गुरुदासभावोजींचं. ते तिकडे मेडिकल कॉलेजात शिकवतात. डॉक्टर माणूस कामाने आतून किती थकतो, ते मोजायला निघाले होते. पंचवीस वाक्यांचा फॉर्म, प्रत्येक वाक्यापुढे आकडा लिहायचा. असं कधीच होत नसेल तर शून्य, रोज होत असेल तर सहा. फॉर्म दोन होते. सोबत चिठ्ठी : 'एक तुझा, एक तुझ्या जोडीदाराचा.'

"जोडीदार!" हे हसले. "त्या रिकाम्या खुर्चीला सांगतो भरायला."

दुसरा फॉर्म मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिला, वातींच्या डब्याखाली. पहिला तसाच पडून होता. शेवटी दुसऱ्या माळेला, ह्यांना जेवायला वाढल्यावर, मीच पेन घेऊन समोर बसले.

"मी वाचते, तुम्ही आकडा सांगा."

"अगो, थकवा म्हणजे काय ताप आहे, थर्मामीटर लावायला?"

"भावोजींनी एवढं पाठवलंय तर सांगा ना. सकाळी डोळे उघडताच आजचा दिवस नको वाटतो."

"सहा."

मी वर पाहिलं. हे सोलकढीत नुसतंच बोट फिरवत होते.

"पेशंट बोलत असतो, पण आपण ऐकत नसतो."

"पाच... नाही, सहाच लिही."

मला ते लिहवेना. कारण हा माणूस पंचक्रोशीत कशासाठी ओळखला जायचा, तर सुई टोचण्याआधी नाव विचारण्यासाठी. "खंयच्या घराचो रे तू? बापाशीचा नाव काय? अरे, म्हणजे तो झाडावरसून पडलेलो, तेचो झील तू?" पोर हसायला लागेपर्यंत सुई टोचूनही झालेली असायची.

सतरावं वाक्य होतं, 'काम मी करत नसून माझ्या जागी दुसरंच कोणी करतंय असं वाटतं.'

"अजून नाही. पण कोणी केलं तर बरं होईल गो."

"मग लिहू काय?"

"तीन लिही."

बेरीज आली एकशे एकतीस, दीडशेपैकी.

"म्हणजे पास का?" मी विचारलं.

"डिस्टिंक्शन," म्हणाले, आणि हात न धुता, ताटावरच डोळे मिटून बसले.

नवरात्रात माझे नेम असतात. पायात वहाण नाही, अंगाखाली गादी नाही, आणि नऊ दिवस खोटं बोलायचं नाही. पहिले दोन अंगाला त्रास देतात. तिसरा मला कधी जड गेला नव्हता. त्या वर्षी तोच मोडला, आणि तोही भरदुपारी.

तिसरी माळ होती. आश्विनातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. भात पिवळं पडत आलेलं, वारा पडलेला, खाडीच्या ओहोटीचा चिखल उन्हात शिजल्यासारखा वास येत असतो. दोन दिवस आणि एक रात्र तापाचे रोगी बघून हे नुकतेच खाटेवर पडले होते. तेवढ्यात फाटकापाशी हाक आली.

"डॉक्टरांनू! ओ डॉक्टरांनू!"

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या काशीबाईचा पुतण्या, सत्यवान. पोराला ताप चढून झटके येत होते. मी आत पाहिलं. ह्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं, पायांतले मोजेसुद्धा काढायचे राहिले होते. दहा मिनिटं, मी मनाशी म्हटलं. फक्त दहा मिनिटं झोपू दे.

"तू हो पुढे," मी सत्यवानाला म्हटलं. "हे निघालेच."

तो धावत गेला. मी खाटेपाशी जमिनीवर बसले. आता उठवीन, आता उठवीन म्हणता म्हणता, उपासाने असेल, माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. हे त्याच कुशीवर तसेच झोपलेले. त्या पोराचं काय झालं असेल, हे कुणाला विचारायचीही हिंमत झाली नाही. रात्रभर समईपुढे बसून राहिले.

सकाळी काशीबाई केरसुणी घेऊन आली ती हसतच.

"वयनीनू, पोर बरा आसा हां. डॉक्टर वेळेर इले म्हणान वाचला."

"कोण... कोण आले?"

"डॉक्टर! दुसरे कोण? काल दुपारी. पण चाय घेवक नाय हां. पाणीसुदा घेवक नाय. एक शब्द बोलूक नाय. इले, इंजेक्शन दिला नि गेले."

खुंटीवरची ह्यांची बॅग मी हळूच काढून पाहिली. तिचं बूड ओलं होतं.

तुम्ही म्हणाल, मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. मी घटापुढे डोकं टेकून रडले. आईने माझा शब्द खाली पडू दिला नाही, माझ्या घरच्या दमलेल्या माणसाचं रूप घेऊन तीच जाऊन आली, असं मला वाटलं. भक्तासाठी देव काय काय करतो, ते लहानपणापासून ऐकलेलंच होतं. मग चौथ्या माळेला फाटकाशी हाक आली तेव्हा मी अगदी विश्वासाने म्हटलं, "हो पुढे, हे निघालेच." पाचव्या माळेला म्हटलं, सहाव्याला म्हटलं. दर वेळी कुणीतरी जात होतं, रोगी बरे होत होते, आणि हे झोपत होते. माझ्या संसारात असं सुख मी पाहिलं नव्हतं.

सातव्या माळेला हे उठले आणि म्हणाले, "आता काही दमल्यासारखं वाटत नाही."

मी गूळ ठेवला देवीपुढे.

त्याच दुपारी काशीबाई केर काढता काढता थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "वयनीनू, एक सांगू? डॉक्टर आताशा नाव इचारनत नाय."

"कुणाच्या घरी गेल्यावर?"

"घराकडे नाय, दवाखान्यात नाय, खंयच नाय. सकाळी ती म्हातारी रडा होती, नातू गेलो तिचो. डॉक्टर तिच्याकडे बघी होते... भिंतीकडे बघतत तसे. औषध लागू पडता हां, खोटा कित्या बोला? पण हात थंडगार लागतत."

त्याही दुपारी हाक आली होती, आणि मी तेच उत्तर दिलं होतं. संध्याकाळी ह्यांचे पाय पाहिले. दुपारभर खाटेवरून न उतरलेल्या माणसाच्या टाचांना खाडीचा काळा चिखल लागला होता, आणि तो अजून ओला होता.

रात्री जेवताना मी तीच वाक्यं पुन्हा विचारली. आजचा दिवस नको वाटतो? शून्य. पेशंटचं ऐकू येत नाही? शून्य. पंचवीसच्या पंचवीस शून्य, एकाच सुरात, जसं कुणी दुसऱ्याचा हिशोब वाचून दाखवतंय. शेवटी, का कोण जाणे, मी एक वाक्य माझं घातलं.

"माझं नाव काय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. समईची वात चरचरली. बऱ्याच वेळाने, कुठूनतरी लांबून आणल्यासारखं, म्हणाले, "कावेरी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. देवी गेली नव्हती. जे जात होतं ते ह्यांच्यातूनच जात होतं, आणि माझ्या शब्दाने जात होतं. आता पुन्हा ते शब्द नाहीत, अशी मी घटावर हात ठेवून शपथ घेतली.

पण जिभेला सवय लागलेली असते हो.

खंडेनवमीची दुपार. मी ह्यांच्या बॅगेला आणि स्टेथास्कोपला हळदकुंकू लावून ती खुंटीवर टांगली. हे झोपले होते. खाडीपलीकडचा बाबली धापा टाकत आला. त्याची बायको, सुगंधा, पहाटेपासून अडली होती. "वयनीनू, मूल आडवा आसा म्हणतत, दोघांयचा काय खरा नाय..." त्याचा तो चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो पुढे, हे निघालेच."

तो पळाला. मी तिथेच तोंडावर हात धरून उभी राहिले. पाठीमागे पायरीवर वहाणा वाजल्या. सावकाश, एक एक पायरी. फाटकाची कडी आपली आपण वर झाली आणि पडली. उन्हात कुणीही नव्हतं. आत येऊन बघते, तर खुंटीवर बॅग नव्हती. हे खाटेवर होते, डोळे सताड उघडे, आणि छाती हलतेय की नाही ते समजत नव्हतं.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर चौदा वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी खांदे धरून हाक मारली.

"जयराम!... जयराम!..."

तिसऱ्या हाकेला पापणी हलली.

"उठा. तुम्हाला निघायचंय."

"कुठे?"

"खाडीपलीकडे. बाबलीकडे. उठा हो... तुम्ही पुढे गेलाय आणि इथेच राहिलाय."

मी ह्यांना हाताला धरून, अनवाणी, ओढतच खाडीच्या तरीवर नेलं. होडीवाला लवू नुकताच पलीकडून परत आला होता. ह्यांना बघितलं मात्र, त्याच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं.

"डॉक्टरांनू... तुमका तर आताच थंय सोडलंय..."

"मग पुन्हा सोड," मी म्हटलं.

अख्ख्या खाडीत तो एकदाही मान वळवून मागे बघायला तयार नव्हता.

बाबलीच्या ओटीवर त्याची आई, सुशीलाबाय, बसली होती. ह्यांना पायऱ्या चढताना बघून ती उठली, बंद खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि मटकन खाली बसली.

"डॉक्टर तर भितर आसत..."

खोलीला ते एकच दार. आतून परातीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. सुगंधाचं कण्हणं येत होतं. तिला धीर देणारा शब्द मात्र एकही नव्हता. नुसतं काम चाललं होतं, न चुकता, न थांबता.

ह्यांनी दारावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"मी नको जाऊ, कावेरी," हळूच म्हणाले. "तो माझ्यापेक्षा चांगलं करेल. तो... दमत नाही."

आतली बाई वाचली पाहिजे, हे खरं. आणि माझा माणूस ह्या दारातून मागे फिरला, तर पुन्हा माझ्या हाती लागणार नाही, हेही तितकंच खरं.

"पण तो नाव विचारत नाही हो," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग दार ढकलून आत गेले. दार पाठीमागे लागलं.

आतलं सगळंच थांबलं. पाण्याचा आवाज, कण्हणं, सगळं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. ओटीवर माशी घोंगावत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मी देवीला काही मागितलंसुद्धा नाही. मागायला तोंड नव्हतं.

आणि मग आतून आवाज आला. घसा बसलेला, दमलेला, पण ओळखीचा.

"काय गो... खंयच्या घराची तू? माहेर खंय तुजा?"

सुगंधा रडत रडत कुठल्याशा गावाचं नाव सांगत होती. पुढे अर्धा तास तो आवाज चालूच होता. भावांची नावं विचारली, गायीचं नाव विचारलं, बाबलीची थट्टा केली. मग बाळ रडलं.

हे बाहेर आले ते एकटेच. घामाने भिजलेले. ओटीच्या कडेवर बसले, सुशीलाबायकडे चहा मागितला, आणि चहा येण्याआधीच हुंदके देऊन रडायला लागले. मी पुढे होऊन खोलीत पाहिलं. खिडकीला गज. बाळंतीण, बाळ, परात, आणि कोपऱ्यात हळदकुंकवाची बोटं उमटलेली बॅग. दुसरं कुणी नाही.

दसऱ्याला मी एकशे एकतीसवाला फॉर्म पोस्टात टाकला आणि ह्यांच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला. दोन महिने हे नुसते झोपले, जेवले, माडांना पाणी घातलं. मग इथे सावंतवाडीला बदली झाली. इथे चार डॉक्टर आहेत, आलटून पालटून सुट्टी मिळते. अजून दमतात, चिडतात, पण नाव विचारतात. मी देवीची आभारी आहे.

फक्त एक राहिलं. दिवाळीनंतर भावोजींचं पत्र आलं.

'दोन्ही फॉर्म पोचले. तुझे एकशे एकतीस पाहून झोप उडाली, रजा घेतलीस ते बरं केलंस. तुला जोडीदार डॉक्टर मिळालेला दिसतो. त्याची पंचवीसच्या पंचवीस शून्यं. असा माणूस मी अजून पाहिला नाही. पण तुझा फॉर्म वहिनींनी भरलेला, आणि त्याच्या फॉर्मवरचं अक्षर तुझंच कसं रे? आणि खाली शेऱ्याच्या जागी एकच ओळ लिहिली आहे, तिचा अर्थ मला लागला नाही. "हिला सांगा, मी निघालोच."'

मी देव्हाऱ्याखालचा खण उघडला. वातींचा डबा होता. त्याच्या खाली काही नव्हतं.

तेव्हापासून दुपारी हे झोपले, की मी ओसरीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवते, पाय धुवायला. मीच पाठवलं होतं, तर दारातून तसंच परत कसं जाऊ द्यायचं? हे विचारतात, "कोण येणार आहे गो?" मी खोटं बोलत नाही, गप्प राहते. खाडीपासून इथवर पायी यायला कुणाला किती वर्षं लागतात, ते मला ठाऊक नाही.