हौदावरची वाटी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे माझ्या मावसबहिणीच्या, उज्वलाताईच्या तोंडून ऐकलंय आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. जन्मात एकदाच खोटं बोलली.

त्याचीच ही गोष्ट.

दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग. गेल्या वर्षीचा जानेवारी, शेवटचा गुरुवार, दिवेलागणीची वेळ...

पण आधी हौदाचं सांगतो. तिच्या नवऱ्याने, ज्ञानेशदाजींनी, घरापुढच्या फुलझाडांत सिमेंटचा मोठा हौद बांधला होता. त्यात तीन रेडटेल कॅटफिश. आणले तेव्हा बोटाएवढे होते, बघता बघता साडेतीन फुटांचे झाले. उष्ण मुलखातला मासा तो, नाशिकची थंडी त्याला कशी सोसणार? म्हणून हिवाळाभर दाजी पहाटे उठून बोअरचं कोमट पाणी हौदात सोडायचे.

"निघाला पोरान्ला अंघोळ घालाया," सासूबाई चंद्रभागा चिडवायच्या. घरात पोरबाळ नव्हतं. दाजी माशांनाच पोरं म्हणायचे.

संध्याकाळी हौदाच्या कडेवर स्टीलची वाटी वाजवायची.

टण... टण... टण.

की तिघंही वर! डोकं कुरवाळून घेतल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

डिसेंबरात दाजी आजारी पडले, त्यांना नाशिकला दवाखान्यात हलवलं. ताईची बाग आणि दवाखाना अशी ओढाताण सुरू झाली. इकडे हौद हिरवागार झाला. शेततळ्यात शेवाळ धरलं की द्राक्षवाला काय करतो? मोरचूद टाकतो. शेडमध्ये पिशवी असतेच. ताईनेही सवयीने दोन मुठी टाकल्या.

खवले नसलेल्या माशाला मोरचूद म्हणजे विष, हे तिला कुठून माहीत असणार?

सकाळी तिघंही पोट वर करून तरंगत होते. सासू-सुनेने रडत रडत बांधावर खड्डा खणून पुरले. हौद उपसून टाकला.

दवाखान्यात दाजींनी विचारलं, "पोरं खात्यात ना?"

"खात्यात की. लय मस्ती चाललीय त्यांची."

दाजी समाधानाने हसले. दुसऱ्या दिवशी गेले.

आणि मग तो गुरुवार. ताई भाकरी थापत होती.

टण... टण... टण.

तिने वर पाहिलं. वाटी मांडणीवरच होती.

बाहेर धावली. कुणी नाही. कोरडा हौद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी जास्त वेळ. बोलावणारा थकत नव्हता आणि पोरं येत नव्हती. ताईचा जीव तुटायचा. आपल्या एका थापेपायी मेलेला माणूस ताटकळतोय!

नवव्या दिवशी ती हौदापाशी जाऊन उभी राहिली. हात जोडले.

"अहो, मी खोटं बोलले. पोरं मेलीत. माझ्याच हातून मेलीत. नका बोलावू आता."

आवाज थांबला.

पानही हलेना.

आणि...

छपाक!

कोरड्या हौदातून. ताईने वाकून पाहिलं. तळाला धूळ आणि वाळकी पानं.

छपाक... छपाक...

भल्या मोठ्या शेपटीने पाणी उडवल्यासारखं. आणि अगदी तिच्या शेजारी कुणीतरी हसलं. समाधानाने.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"सांगितलं का त्याला?"

"सांगितलं."

"मंग त्यानं ऐकलं नाय, बाई."

मागच्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. हौद कोरडाच आहे. ताई तो भरतही नाही, फोडूही देत नाही. ओट्यावर चहा घेता घेता दिवेलागण झाली.

वाटी मी स्वतः ऐकली. मग पाणी ऐकलं. हसण्याचं मात्र शपथेवर सांगता येणार नाही, मी तोवर उठून गाडीपाशी पोहोचलो होतो.

ताई जागची हलली नाही. खाली मान घालून मेथी निवडत होती. हौदाकडे न बघताच पुटपुटली,

"मेलीत हो ती. खरंच मेलीत."