वाळूतला डावा पाय

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात रंजिता वांगी निवडत होती, आणि नेमकी तेव्हाच समोरून प्रफुल्लची मोटरसायकल आली. मागे नीतू! एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात समोसा. रंजिताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. किडकी वांगी पिशवीत कधी गेली, तिला कळलंही नाही.

आता प्रफुल्ल काही तिचा कोणी नव्हता, हेही खरंच. पंचविशीचा कराटेपटू, गावातल्या खेळाडूंना शिकवायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्याकडेच शिकणारी वीस वर्षांची रंजिता तेवढी कधी म्हणाली नाही... जीभच वळायची नाही. आणि ही गोंदियाची नीतू, महिनाभरापूर्वी मामाकडे राहायला आलेली, खुशाल 'प्रफुल्ल' म्हणायची.

लाथेत जोर यावा म्हणून तो उड्यांचा सराव घ्यायचा. प्लायोमेट्रिक म्हणतात त्याला. लाकडी खोक्यावरून वाळूच्या खड्ड्यात उतरायचं आणि पाय टेकताच पुन्हा वर उसळायचं. नीतूची पाळी आली की प्रफुल्ल दोन्ही हात पुढे करून तिच्यासमोर उभा. "गुडघे वाकव... हां, शाबास." आणि रंजिताच्या वेळी? लांब कडुनिंबाखाली, वही घेऊन. "चाळीस झाल्या. बस."

नीतूला साठ, मला चाळीस? रात्रभर तिच्या डोक्यात तेच.

एकदा उड्या मारल्या की दोन दिवस पायांना विसावा, हा त्याचा कडक नियम. पण जळणारं माणूस कुठले नियम पाळतं! सकाळी उठून रंजिता एकटीच मैदानावर गेली. साठ मारल्या. वर आणखी वीस, नीतूच्या नावानं बोटं मोडत. घरी जाताना डावा गुडघा ठणकत होता.

प्रफुल्ल रोज जाताना दाताळ्यानं वाळू सारखी करून जायचा. संध्याकाळी येऊन बघतो, तर सगळी उकरलेली. त्यानं कोणालाच काही विचारलं नाही. बाकीच्यांना ठोसे मारायला पाठवलं आणि म्हणाला, "रंजिता, तू थांब."

"मीच काऊन? नीतूले विचार ना."

"तिले कायले विचारू? वाळूतले पाय तुझे आहेत."

"नाव लिवलं आहे का त्याच्यावर?"

"डावा पाय बाहेर पडते तुझा. अन् थकली का टाच आधी टेकते. हे पाहा..."

रंजितानं वाकून ते ठसे पाहिले. मग हळूच म्हणाली, "अन् नीतूचा कसा पडते?"

"मले काय माहीत?" तो गोंधळला. "नवीन आहे ते, बुटक्या खोक्यावरून साठ मारते. तोंडावर पडू नये म्हणून उभा राहतो."

"गाडीवर बसवली, थेही पडू नये म्हणून?"

"येष्टी चुकली होती तिची..." प्रफुल्लचे कान लाल झाले.

रंजिताला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. इतक्या दिवसांची जळजळ एवढ्यानं थोडीच जाते.

"मंग माझ्यासमोर काऊन नाही उभा राहत?"

तो दाताळ्यानं उगाच वाळू ओढत राहिला. "एकदा राहलो होतो — पाहतच राहलो तुले, मोजणंच चुकलं. चाळिसाच्या जागी सत्तर मारून घेतल्या. दोन दिवस लंगडत होती तू. तवापासून लांब राहतो." मग खाली बघूनच म्हणाला, "मले आवडते तू, रंजिता."

रंजितानं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मीनं आज ऐंशी मारल्या," ती म्हणाली. "नीतूवर जळून. मलेही तू आवडते... अन् गुडघा लय दुखून राहिला."

प्रफुल्लनं दाताळं टाकलं आणि धावत येऊन तिचा हात धरला. "आता पंधरा दिवस उड्या बंद तुझ्या."

"चालते," रंजिता म्हणाली. "पण पंधराही दिवस नीतूसमोर दुसरं कोणी उभं राहीन."