तीन पानं राहिली होती

ही घटना खरी आहे. नावं तेवढी बदलली आहेत. जिच्या बाबतीत घडली ती आजही तळेगावात राहते, आणि हे सांगताना तिने एकदाही मान वर केली नाही. घाबरली होती म्हणून नाही... लाज वाटत होती म्हणून.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार. सकाळचे सव्वाआठ. तळेगाव-चाकण रस्ता, कंपनीची बस.

लख्ख ऊन होतं.

आम्रपाली चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. घरी सासू-सासरे, दुसरीतला मुलगा, डबे, धुणीभांडी. पुस्तक उघडायला निवांतपणा मिळायचा तो फक्त बसमध्ये. जायला तास, यायला तास. खिडकीची सीट, मांडीवर पिशवी, पिशवीवर पुस्तक. पहिल्या दोन पानांत रस्त्याचे धक्के जाणवायचे, मग तेही जाणवेनासे व्हायचे. महाळुंग्याला ट्रॅफिक लागलं की सगळी बस वैतागायची. आम्रपाली मनातून खूश व्हायची. अजून वीस पानं!

तिच्या शेजारी सुमनताई बसायच्या. इंदुरीला चढायच्या, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. वय पंचावन्नच्या आसपास. "वाच तू, पोरी," एवढंच म्हणायच्या आणि गप्प बसायच्या.

त्या मंगळवारी महाळुंग्याच्या अलीकडे बस थांबली. पुढे कंटेनर आडवा झाला होता. आम्रपालीच्या हातात रहस्यकथा होती. खून कुणी केला ते आता कळणार होतं.

"पोरी, जरा बरं वाटंना बघ," सुमनताई म्हणाल्या.

"हं," आम्रपाली म्हणाली.

थोड्या वेळाने...

"पानी हाय का गं जवळ?"

बाटली पिशवीतच होती. भरलेली. आम्रपालीने डोळे न उचलता एक बोट वर केलं. एक मिनिट.

तीन पानं राहिली होती.

सुमनताईंनी परत मागितलं नाही. त्यांचं डोकं हळूच तिच्या खांद्यावर आलं. डुलकी लागली असेल, असं तिला वाटलं. बरंच झालं, असंही वाटलं. खांदा न हलवता तिने पुस्तक संपवलं.

कंपनीच्या गेटवर सगळे उतरले.

सुमनताई उठल्या नाहीत.

हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी आम्रपाली इंदुरीला त्यांच्या घरी गेली. सुमनताईंची एकुलती एक मुलगी, निशिगंधा, तिच्या गळ्यात पडली.

"ताई, तुम्ही होतात जवळ. पाणी तरी मिळालं ना हो आईला?"

घरभर बायका बसल्या होत्या. सगळ्या आम्रपालीकडे बघत होत्या.

"हो," ती म्हणाली. "दोन घोट पाजले मी."

निशिगंधा तिच्या पाया पडली.

पंधरा दिवस आम्रपालीने पुस्तकाला हात लावला नाही. मग एका सकाळी राहवेना. बसमध्ये शेजारची सीट रिकामीच होती. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण तिथे कुणी बसत नव्हतं. तिने नवी कादंबरी उघडली. इंदुरी कधी मागे पडलं कळलंही नाही. किती दिवसांनी असं वाटत होतं!

आणि तेवढ्यात... अगदी कानाजवळ...

कुणीतरी घोट गिळला.

सावकाश. मग दुसरा.

शेजारी कुणीच नव्हतं.

गेटवर उतरताना पिशवी हलकी लागली. बाटली रिकामी होती. झाकण घट्ट. पिशवी कोरडी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी तिने स्टीलची नवी बाटली आणली. वाचायला बसली... बाटली रिकामी. तिसऱ्या दिवशी पुस्तकच आणलं नाही. बाटली भरलेली राहिली. चौथ्या दिवशी पुस्तक उघडलं... रिकामी.

मग तिने बाटली घरी ठेवली आणि पुस्तक तेवढं घेतलं. महाळुंग्याच्या अलीकडे पुढच्या सीटवरचा कुलदीप ओरडला, "माझं पाणी कोणी संपवलं राव? आत्ता तर भरून आणलंय!"

बसमध्ये हशा पिकला. आम्रपालीने पुस्तक मिटलं.

त्या रविवारी ती इंदुरीला गेली. सुमनताईंचं घर रस्त्यालगतच आहे. निशिगंधा दारातच भेटली.

"निशिगंधा, मी खोटं बोलले होते. आईंनी पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही. वाचत होते."

सगळं सांगितलं तिने. बाटलीचं तेवढं सांगितलं नाही. वेड्यात काढेल असं वाटलं.

निशिगंधाने एकच विचारलं.

"किती पानं राहिली होती?"

"तीन."

"जा तुम्ही आता."

सोमवारी आम्रपालीने जीव मुठीत धरून पुस्तक उघडलं. बाटली भरलेलीच राहिली. मंगळवारीही. आठवडाभर. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

महिन्याभराने जेवणाच्या सुट्टीत फोन आला. निशिगंधाचा.

"ताई, भांडायला नाही केला फोन. एक विचारायचंय. तुम्ही येऊन गेलात ना, त्या दिवसापासून घरातला माठ रिकामा होतोय. रोज. माझी परीक्षा आहे, दुपारी एकटीच पुस्तक घेऊन बसते, आणि..."

"आणि काय?"

"मागे कुणीतरी पाणी पितंय असं ऐकू येतं. तुमच्याकडे असं काही होत होतं का?"

कँटीनमध्ये ताटांचा आवाज चालू होता. आम्रपालीला हो म्हणता आलं असतं. पण हो म्हटलं आणि ते परत आपल्याकडे आलं तर?

"नाही गं," ती म्हणाली. "माठ झिरपत असेल. बदलून बघ."

"दोनदा बदलला, ताई."

फोन बंद झाला.

आम्रपाली आता पुन्हा रोज बसमध्ये वाचते. इंदुरी जवळ आलं की पुस्तक तोंडापाशी धरते. त्या घराकडे बघत नाही. तेव्हा पानावरचं एक अक्षरही डोक्यात शिरत नाही, हे ती स्वतःच सांगते.

गेल्या सोमवारी मात्र नजर गेली.

दाराला कुलूप होतं. पायरीवर धूळ साचली होती... बऱ्याच दिवसांची.

निशिगंधा कुठे गेली, बसमधल्या इंदुरीच्या बायकांना नक्की ठाऊक असणार. आम्रपालीने अजून विचारलेलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?